जॅक नसलेल्या बोर्डाचा आवाज

रास्पबेरी पाय झिरो हातात घेतला की माणूस आधी त्याच्या कडा बघतो. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर. आखूड कडेला मेमरी कार्डाची फट, लांब कडेवर छोटं एचडीएमआय आणि त्याच्या शेजारी दोन मायक्रो यूएसबी. हेडफोनची पिन घालायला मात्र कुठेच जागा नाही. २६ नोव्हेंबर २०१५ला हा बोर्ड बाजारात आला तेव्हा त्याची किंमत पाच डॉलर होती, आणि ब्रिटनमध्ये ‘द मॅगपाय’ मासिकाच्या ४०व्या छापील अंकाच्या मुखपृष्ठावर तो फुकट लावून दिला होता. मासिकासोबत देता येईल इतका स्वस्त संगणक करायचा, तर त्यातून जे काढणं शक्य होतं ते काढावं लागलं. आवाजाचा जॅक त्यातच गेला.

पुण्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर बाईंनी ऐकण्याच्या पेटीसाठी हाच बोर्ड निवडला. एका वाचनालयात दृष्टिहीन वाचकांसाठी कोपरा होता आणि तिथे बसून पुस्तकं ऐकता येतील अशी साधी, दुरुस्त करता येण्याजोगी पेटी हवी होती. पेटीवर पाच मोठी बटणं: पुढे, मागे, जलद, सावकाश, थांब. आत दोन प्रकारचं साहित्य: माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं, आणि साधा मजकूर, जो संगणकानेच वाचून दाखवायचा. शेजारच्या टेबलावर इतर लोक वाचत बसणार, म्हणून स्पीकरचा प्रश्नच नव्हता. आवाज हेडफोनमधूनच यायला हवा होता.

बोर्ड निवडण्यामागे हिशेब होता. झिरोला पंखा लागत नाही, त्यामुळे पेटीचा स्वतःचा आवाज शून्य. वीज इतकी कमी लागते की मोबाइलच्या पॉवर बँकेवर तो तासन्‌तास चालतो. मजकूर वाचणारं ईस्पीक एनजी हे सॉफ्टवेअर त्यावर सहज चालतं, आणि त्याला मराठी येतं. या सॉफ्टवेअरचं मूळ १९९५च्या सुमारास एकॉर्न कंपनीच्या संगणकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. एकॉर्न केंब्रिजची, एआरएम प्रोसेसरचा जन्म १९८५मध्ये तिथलाच, आणि रास्पबेरी पायही केंब्रिजचाच. छोट्या यंत्रांसाठी जन्मलेलं सॉफ्टवेअर छोट्या यंत्रावर बसवायला त्यामुळे फारशी ओढाताण करावी लागली नाही. ईस्पीकचा आवाज यांत्रिक असतो. पण शब्द लगेच उच्चारला जातो आणि वेग बराच वाढवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. रोज ऐकून वाचणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी गोडव्यापेक्षा जास्त लागतात.

उरला प्रश्न बोर्डापासून कानापर्यंतच्या वीतभर अंतराचा.

मोठ्या रास्पबेरी पायवर पहिल्यापासून ३.५ मिलिमीटरचा जॅक होता. २९ फेब्रुवारी २०१२ला विक्रीला आलेल्या मॉडेल बीवरही तो दिमाखात बसलेला दिसतो. जॅक दिसला की मागे आवाजाची वेगळी चिप असेल असं वाटतं. तशी चिप तिथे नव्हती. प्रोसेसरचे दोन पायच तो आवाज तयार करत होते. या पायांना दोनच अवस्था माहीत: शून्य व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. पण पाय प्रचंड वेगाने चालू-बंद केला आणि त्यातला चालू वेळ कमी-जास्त करत नेला, तर सरासरी व्होल्टेज हवं तसं वरखाली होतं. ही सरासरी काढायचं काम एक रोधक आणि एक कपॅसिटर करतात, आणि त्यातून ध्वनीची लहर उभी राहते. या पद्धतीला पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम म्हणतात. दिव्याचा प्रकाश मंद करायला किंवा पंख्याचा वेग बदलायला हीच युक्ती वापरतात.

झिरोवरचा प्रोसेसर त्याच घराण्यातला, बीसीएम२८३५. आवाज तयार करणारा भाग त्याच्या पोटात जसाच्या तसा आहे. फक्त मोठ्या बोर्डावर ज्या दोन पायांतून तो जॅकपर्यंत जातो, ते इथे बाहेर आणलेले नाहीत. पण हाच संकेत प्रोसेसर दुसऱ्या काही पायांवरही देऊ शकतो, आणि ते पाय चाळीस पिनांच्या ओळीत आहेत: जीपीआयओ १२ किंवा १८ वर डावा आवाज, १३ किंवा १९ वर उजवा. बोर्ड सुरू होताना वाचली जाणारी कॉन्फिगरेशनची फाइल असते. तिच्यात आवाजाच्या पायांची नवी नेमणूक सांगणारी एक ओळ लिहिली की हे दोन पाय बोलायला लागतात.

पायाला हेडफोन थेट जोडायचा मात्र नाही. साध्या हेडफोनचा रोध ३२ ओम असतो. ३.३ व्होल्टला ३२ने भागलं की शंभर मिलिअँपिअरच्या वर आकडा जातो, आणि प्रोसेसरच्या एका पायाने १६ मिलिअँपिअरपर्यंतच भार वाहावा अशी अपेक्षा असते. मधे मंडल हवंच. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये जे वापरलं होतं तेच बाईंनी आधी घेतलं: पायाला ओळीने २७० ओमचा रोधक, पुढे जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, जाणारा १५० ओमचा रोधक, त्याच्या जोडीला ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि मग हेडफोनकडे जाताना १० मायक्रोफॅरडचा आणखी एक. दोन कानांसाठी अशा दोन जोड्या.

या चार भागांची कामं वाटून दिलेली आहेत. दोन रोधक मिळून ३.३ व्होल्टचे साधारण १.२ व्होल्ट करतात. ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० किलोहर्ट्‌झच्या आसपास गाळणी लावतो, म्हणजे चालू-बंदचा कर्कश भाग जमिनीत जातो आणि माणसाला ऐकू येणारा २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झचा पट्टा मागे राहतो. शेवटचा कपॅसिटर स्थिर व्होल्टेज अडवतो. ते हेडफोनमध्ये गेलं, तर आतला पडदा सतत एका बाजूला ओढलेला राहील.

हे सुटे भाग तपकीर गल्लीत मिळतात. बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायर, सॉकेट, ट्रान्सफॉर्मर, रोधकांच्या पट्ट्या असं सगळं दाटीवाटीने मांडलेलं असतं. दुकानदाराने १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पुढे ठेवले, तेव्हा बाईंनी १०० मायक्रोफॅरडचेही मागितले.

“मॅडम, रेडिओसाठी का?”

“नाही, हेडफोनसाठी. दहाने खालचे सूर जातात.”

“मग शंभरच न्या. सोळा व्होल्टचे देतो, आकाराने बारीक आहेत.”

मागणीमागे साधं गणित होतं. मंडलाचा अंतर्गत रोध ९६ ओमच्या आसपास, हेडफोनचा ३२. दोन्ही मिळून १२८. त्यासमोर १० मायक्रोफॅरड ठेवले तर सुमारे १२४ हर्ट्‌झच्या खालचे सूर मंदावत जातात. लाइन-इन असलेल्या स्टिरिओला जोडताना हा प्रश्न येत नाही, कारण त्याचा रोध हजारो ओमांत असतो. पण पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर बहुधा ८५ ते १८० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो. म्हणजे भारदस्त आवाजातलं ध्वनिमुद्रित पुस्तक या पेटीत किरटं ऐकू आलं असतं. १०० मायक्रोफॅरडने ती मर्यादा १२ हर्ट्‌झपर्यंत खाली जाते. काही रुपयांच्या फरकात वाचकाचा आवाज भरदार होतो.

छिद्रांच्या बोर्डावर भाग डाखले, सॉकेट जोडलं, फाइलमध्ये ओळ लिहिली. ईस्पीकने पहिलं मराठी वाक्य उच्चारलं आणि ते दोन्ही कानांत स्पष्ट आलं. ज्या बोर्डावर जॅकच नाही, त्यातून बोलणं ऐकू येतं तेव्हा होणारा आनंद या कामातल्या कुणालाही ओळखीचा असेल. हातात रोधक-कपॅसिटरची चिमूटभर रास असते, आणि त्यातून भाषा येते.

पेटीची खरी परीक्षा मात्र वाचनालयात झाली. तिथे नियमित येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, जन्मापासून दृष्टी नसलेले. सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी हेडफोन लावले, वेग वाढवला, पुन्हा वाढवला, आणि शेजारी बसलेल्याला एकही शब्द कळणार नाही अशा गतीने आरामात एक प्रकरण ऐकलं. मग म्हणाले, “ताई, शब्द कळतात. पण वाक्य संपलं की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतं. पुढचं वाक्य त्या पावसातून ऐकावं लागतं.”

बाईंनी तोच मजकूर पुन्हा पुन्हा ऐकला. सर म्हणत होते ते खरं होतं. सुसकारा बारीक होता, पण सतत होता.

त्याची कारणं दोन होती. पहिलं म्हणजे पायऱ्यांची संख्या. या पद्धतीत सुरुवातीच्या काळात सुमारे ११ बिटांची अचूकता मिळत असे, म्हणजे २,०४८ पायऱ्या. सीडीचा आवाज १६ बिटांचा, ६५,५३६ पायऱ्यांचा. कागदावर ११ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर ६८ डेसिबल येतं आणि १६ बिटांत ९८. नंतरच्या फर्मवेअरमध्ये चुकांचा गोंगाट कानाच्या पट्ट्याबाहेर ढकलणारी सुधारित पद्धत आली आणि आवाज बराच उजळला. दुसरं कारण तिलाही दूर करता येत नाही. पाय चालू असतो तेव्हा त्याचं व्होल्टेज म्हणजे बोर्डाचाच ३.३ व्होल्टचा पुरवठा. प्रोसेसर आणि मेमरी कार्ड या दोघांनाही तोच पुरवठा. कार्डावरून पान वाचलं जातं तेव्हा त्यात बारीक खळबळ होते, आणि ती खळबळ सरळ कानात जाते. मोठ्या बोर्डांत, २०१४च्या मॉडेल बी प्लसपासून, आवाजाच्या मंडलाला वेगळा, शांत पुरवठा दिलेला आहे. झिरोच्या साध्या पिनांना तो नाही.

कथा ऐकणाऱ्या मुलांना हा सुसकारा कळतही नाही. सरांना कळला, कारण ते जलद ऐकतात. वेग वाढला की स्वर आखूड होतात आणि शब्द ओळखण्याचा भार व्यंजनांवर येतो. स आणि श यांची ताकद वरच्या पट्ट्यांत, काही हजार हर्ट्‌झवर असते, आणि सुसकाराही तिथेच पसरलेला असतो. सरांनी तपासणीसाठी आकडे ऐकले. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक तो केवढा, पण बसचा क्रमांक किंवा बँकेची शिल्लक ऐकताना त्यावरच सगळं अवलंबून. त्यांच्यासाठी स्वच्छ आवाज म्हणजे नेमकं वाचन.

मग बाईंनी दुसऱ्या वाटा तपासल्या.

यूएसबीचं बोटभर साउंड कार्ड स्वस्त मिळतं आणि लिनक्स त्याला लगेच ओळखतं. झिरोवर माहितीसाठी यूएसबी एकच आहे, त्यामुळे कीबोर्ड किंवा पेनड्राइव्ह जोडायचा तर हब लागतो, आणि पेटीत वायरींचा गुंता वाढतो. अगदी स्वस्त कार्डांत तोच सुसकारा वेगळ्या सुरात भेटतो. एचडीएमआयमधून आवाज काढून देणारे कन्व्हर्टरही असतात. पण पडदा नसलेल्या पेटीत, फक्त आवाजासाठी, चित्राची पूर्ण यंत्रणा चालू ठेवावी लागते.

ब्लूटूथ सगळ्यांनी सुचवलं होतं. २८ फेब्रुवारी २०१७ला आलेल्या झिरो डब्ल्यूमध्ये वाय-फायबरोबर ब्लूटूथही आलं, आणि २०२१च्या झिरो २ डब्ल्यूमध्ये चार गाभ्यांचा प्रोसेसर. वायरच नको म्हणजे जॅकही नको. संगीत ऐकायला ही सोय उत्तम. पण ब्लूटूथ आवाजाचे तुकडे करतं, दाबतं, पाठवतं, पलीकडे साठवून मग वाजवतं. यात सहसा १०० ते २०० मिलिसेकंद जातात, कधी त्याहून जास्त. गाणं ऐकताना हा उशीर कळत नाही, कारण गाणं कधी सुरू झालं याच्याशी बोटाचा संबंध नसतो. सर मात्र बटण दाबतात, पहिलं अक्षर ऐकतात, नको असेल तर लगेच पुढचं बटण दाबतात. यादीत शोधताना हे दर सेकंदाला घडतं. प्रत्येक बटणामागे पाव सेकंदाच्या आसपास वाट बघणं म्हणजे डोळस वाचकाने पान उलटायचं आणि अक्षरं उमटायची वाट बघत बसायचं. शिवाय चार्जिंग संपलेला ब्लूटूथ हेडफोन वाचनालयात कुणी आणि कधी चार्ज करायचा, हा रोजचा प्रश्न. वायर ठेवायची हे तिथेच ठरलं.

राहिली आयटूएसची वाट. फिलिप्स कंपनीने १९८६मध्ये मांडलेली ही पद्धत चिपांमध्ये आवाजाचे आकडे नेण्यासाठीच आहे. एका तारेवर घड्याळ, दुसरीवर डावं-उजवं सांगणारी खूण, तिसरीवर आकडे. झिरोवर ही कामं जीपीआयओ १८, १९ आणि २१ करतात. इथे प्रोसेसरने व्होल्टेज घडवायचंच नाही. त्याने शुद्ध आकडे पुढे द्यायचे आणि व्होल्टेज करायचं काम त्यासाठीच बनवलेल्या चिपने करायचं. अशा चिपला डॅक म्हणतात. बाईंनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१०२ए निवडली. तिचा संकेत आणि गोंगाट यांतला फरक ११२ डेसिबल आहे. ती आकड्यांच्या घड्याळातूनच स्वतःचं घड्याळ बनवते, म्हणून झिरोने न दिलेली चौथी तार लागत नाही.

जीपीआयओ १८ दोन्ही पद्धतींत वापरला जातो, हे या बोर्डावर काम करणाऱ्याने नीट लक्षात ठेवावं. तो एक तर पीडब्ल्यूएमचा आवाज देईल किंवा आयटूएसचं घड्याळ. रंगीत एलईडीच्या पट्ट्या चालवणाऱ्या लोकप्रिय लायब्ररीलाही बहुधा हाच पाय आणि हीच पीडब्ल्यूएम यंत्रणा लागते. दिवे लावले की आवाज बिघडतो, ही तक्रार त्यामुळेच येते.

बाजारात मिळणाऱ्या जांभळ्या डॅक बोर्डांच्या पाठीवर डाख लावायच्या चार छोट्या जागा असतात. त्यांतली एक चिपला बोलायची परवानगी देते. ती जोडलेली नसेल तर सगळं बरोबर जुळवूनही पूर्ण शांतता मिळते. या बोर्डांवर ३.५ मिलिमीटरचं सॉकेटही असतं, पण ते हेडफोनसाठी नाही. चिपचं आउटपुट २.१ व्होल्टचं आहे, आणि पुढे किमान एक हजार ओमचा रोध असावा या अपेक्षेने ते दिलेलं आहे. ते अॅम्प्लिफायरला जोडायचं असतं. ३२ ओमचा हेडफोन तिथे लावला तर चिपवर नको तेवढा भार येतो आणि आवाज फाटतो.

म्हणजे डॅकच्या पुढे हेडफोनसाठी छोटा अॅम्प्लिफायर हवा. स्पीकरसाठीची मॅक्स९८३५७ए ही चिप झिरोच्या कामांत फार लोकप्रिय आहे, कारण ती आयटूएस थेट समजते आणि तीन वॉटपर्यंत ताकद देते. हेडफोनला ती चालत नाही. तिच्या दोन्ही टोकांवर संकेत असतो, जमीन नसते; आणि हेडफोनच्या दोन कानांना परत येणारी जमिनीची तार एकच असते. बाईंनी टीडीए१३०८ घेतली. हेडफोनसाठीच बनवलेली ही जुनी, साधी चिप आहे. पाच व्होल्टवर चालते आणि हाताने डाखता येते. तिच्या आउटपुटवर २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. ३२ ओमसमोर त्यांची मर्यादा साधारण २३ हर्ट्‌झ येते. बोलण्याला आणि बहुतेक संगीताला हे पुरेसं आहे.

इथे कानाच्या सुरक्षिततेचा हिशेबही करावा लागला. डॅकचे २.१ व्होल्ट जसेच्या तसे ३२ ओमला मिळाले तर १३८ मिलिवॅट होतात. एका मिलिवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या सामान्य हेडफोनमध्ये हा आवाज १२० डेसिबलच्या वर जाईल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की प्रौढांनी आठवड्यात ४० तास ऐकायचं असेल तर आवाज ८० डेसिबलच्या आत ठेवावा. सरांसारखा वाचक दिवसातले कित्येक तास हेडफोन लावून बसतो. त्याच्यासाठी ही शिफारस कागदावरची राहत नाही. म्हणून अॅम्प्लिफायरच्या आधी रोधकांची जोडी लावून कमाल पातळी कायमची खाली आणली. कुणी आवाज कितीही वाढवला तरी पेटी त्याच्या वर जाऊ शकत नाही.

आवाज कमी-जास्त करायची सोय मात्र सॉफ्टवेअरमध्ये करावी लागली, कारण या डॅकमध्ये तशी सोयच नाही. लिनक्सच्या आल्सा या ध्वनियंत्रणेत मिक्सर उघडला तर तिथे एकही पट्टी दिसत नाही. आल्सालाच आकडे लहान-मोठे करायला सांगणारी काही ओळींची नोंद करावी लागते. मग पट्टी दिसते आणि तिला हलवता येतं.

नवी पेटी सरांकडे गेली. त्यांनी वाक्य संपल्यावर मुद्दाम थांबून ऐकलं. पाऊस नव्हता. मग त्यांनी यादीतून भराभर खाली जायला सुरुवात केली आणि म्हणाले, “ताई, ही आता पहिलं अक्षर खाते. ‘पुस्तक’चं ‘स्तक’ ऐकू येतं.”

हेही खरं होतं, आणि त्याचं कारण डॅकच्या शहाणपणात होतं. ईस्पीक बोलून थांबलं की आवाजाचा मार्ग बंद होत होता, त्याबरोबर आयटूएसचं घड्याळ थांबत होतं, आणि घड्याळ थांबलं की चिप स्वतःला मुकं करून घेते, म्हणजे कानात खट्ट आवाज जात नाही. पुढचा शब्द आला की घड्याळ पुन्हा सुरू, चिप त्याच्याशी जुळवून घेणार, मग हळूच तोंड उघडणार. तेवढ्यात पहिलं अक्षर निघून गेलेलं. सलग वाजणाऱ्या गाण्यात हे कधीच कळलं नसतं. एकेका शब्दाने पुढे जाणाऱ्या माणसाला ते प्रत्येक शब्दावर भेटतं. उपाय असा केला की पेटी चालू असेपर्यंत मार्ग बंदच होऊ द्यायचा नाही. बोलणं नसेल तेव्हा शून्यांचा प्रवाह चालू ठेवायचा, आणि ईस्पीकचा आवाज त्यात मिसळायचा. ईस्पीक सेकंदाला २२,०५० नमुने देतं आणि मार्ग ४८,००० वर चालू ठेवलेला होता. ते रूपांतर आल्सा करते. झिरोच्या एकाच गाभ्याला हे काम सहज झेपलं.

वाचनालयात ठेवल्यावर सर्वांत जास्त काळजी सॉकेटचीच घ्यावी लागली. दिवसातून अनेकदा वेगवेगळे हात पिन घालतात-काढतात, तीही चाचपून, कधी तिरकी. पिनेवर तीन भाग असतात: टोकाला डावा कान, मधल्या कड्यावर उजवा, आणि मुळाशी दोघांची मिळून जमीन. जमिनीचा संपर्क सैल झाला तर काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. गाणं चालू असेल तर मधोमध असलेला गायकाचा आवाज नाहीसा होतो आणि कडेची वाद्यं पोकळ ऐकू येत राहतात. पुस्तकाचं वाचन मात्र दोन्ही कानांत अगदी एकसारखं असतं. जमीन तुटल्यावर दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, म्हणून प्रवाहच वाहत नाही, आणि पूर्ण शांतता होते. डोळस माणूस दिवा बघून पेटी चालू आहे हे ओळखतो. न दिसणाऱ्या वाचकासाठी मात्र ती बंदच पडलेली असते. म्हणून सॉकेट छिद्रांच्या बोर्डावर न डाखता पेटीच्या भिंतीला नटाने घट्ट बसवलं, आतून लवचिक तारांनी जोडलं, आणि पेटी चालू असल्याची खूण म्हणून बटणांखाली हलकं कंपन देणारी छोटी मोटर बसवली. मोबाइलच्या चार भागांच्या पिनाही लोक आणतात. त्यांत मायक्रोफोनचा भाग मुळाशी असतो, आणि काही सॉकेटांत जमिनीऐवजी तोच लागतो. अशा पिनांना नीट घेणारं सॉकेट शोधायला तपकीर गल्लीत पुन्हा बरीच दुकानं पालथी घालावी लागली.

पीडब्ल्यूएमची पहिली पेटीही कपाटात गेली नाही. तिच्यात बालगोष्टी भरून ती मुलांच्या कोपऱ्यात ठेवली आहे. गोष्ट सलग चालते, पार्श्वसंगीत असतं, आणि सुसकारा त्याखाली झाकला जातो. तिच्यात सुटे भाग इतके थोडे आहेत की काही बिघडलं तर रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही ती उघडून नीट करू शकतो. दोन्ही पेट्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला मंडलाचं चित्र, प्रत्येक भागाची किंमत ओममध्ये आणि फॅरडमध्ये, आणि कॉन्फिगरेशनच्या ओळी छापून चिकटवल्या आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ वरूनही हेडफोनचा जॅक गेला, आणि आयटूएसच्या पिना तिथे त्याच जागी आहेत. त्यामुळे उद्या झिरोऐवजी मोठा बोर्ड घ्यायची वेळ आली तरी डॅकपासून पुढचं चित्र बदलावं लागणार नाही.

सरांची नवी मागणी आली आहे. त्यांना एका विद्यार्थ्याला सोबत बसवून शिकवायचं आहे, दोघांनी एकच मजकूर एकाच वेळी ऐकायचा. १९७९मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्यालाही हेडफोनचे दोन जॅक होते. पेटीत दुसरं सॉकेट बसवायला जागा आहे. पण ३२ ओमचे दोन हेडफोन एकत्र जोडले की चिपला १६ ओम दिसतात, प्रवाह दुप्पट लागतो, आणि २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची मर्यादा २३वरून ४५ हर्ट्‌झवर चढते. बाईंनी खरेदीच्या यादीत ४७० मायक्रोफॅरड लिहिले आहेत. ते आकाराने मोठे असतात, म्हणून पेटीची उंची थोडी वाढवायचं काम सध्या चालू आहे.